समाधानाच्या फॉर्मवर सगळे चार आणि पाचच आलेत, आता काय करू?

ऐरोलीची_पोर

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी नुसती वाचायला येते, पाककृतींचे धागे आणि लोकलमधली भांडणं. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण कॉलेजात ज्यांना विचारायचं त्यांनाच हा प्रश्न विचारता येत नाही.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या सातव्या सेमिस्टरला आहे. घर ऐरोलीला, कॉलेज नवी मुंबईतच. नाव लिहीत नाही, आणि कृपया ओळखायला जाऊ नका. सातव्या सेमिस्टरला रिसर्चचा विषय असतो, आमच्याकडे सहा-सहा जणींच्या गटाने एक प्रोजेक्ट करायचा. ज्यांचा या लाइनशी संबंध आलाय त्यांना माहीत असेल, आमच्या प्रोजेक्टांची शीर्षकं एकाच साच्यातून काढलेली असतात. ‘अ डिस्क्रिप्टिव्ह स्टडी टू असेस’ इथून सुरू, ‘विथ अ व्ह्यू टू डेव्हलप ॲन इन्फर्मेशन बुकलेट’ इथे संपलं. मधल्या जागेत काय ते भरायचं. मधुमेह, स्तनपान, मोबाइलचं व्यसन, सगळं आधीच्या बॅचनी भरून झालंय. म्हणून आम्ही म्हटलं, आपणच आपल्याला विचारू: नर्सिंगची मुलं आपल्या शिक्षणावर समाधानी आहेत का?

प्रश्नावली आम्ही बनवली नाही. डेनिसन आणि एल-मसरी या कॅनडातल्या दोघांनी २०१२ साली एक मांडली आहे, ४८ विधानं, चार भाग: वर्गातलं शिकवणं, वॉर्डातलं शिकवणं, अभ्यासक्रमाची आखणी, आणि मदत-सोयीसुविधा. प्रत्येक विधानापुढे १ ते ५. रीतसर परवानगी मागितली, एथिक्स कमिटीसमोर बसलो, गूगल फॉर्म केला. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. मंगळवारी शेवटचं लेक्चर संपलं. सकाळी सहाला घरातून निघालेल्या मुली, सात ते बारा वॉर्ड, मग बस, मग वर्ग. मॅडम दारात उभ्या. ‘लिंक आलीय ग्रुपवर, भरा आणि सुटा.’ पहिलाच प्रश्न रोल नंबर. तो आमच्या गाइड मॅडमनी घालायला लावला, कोण राहिलं ते कळावं म्हणून. शीटवर फॉर्म किती वाजता आला ते दिसतं ना? लिंक टाकल्यापासून चार मिनिटांत जवळजवळ सगळा वर्ग भरून मोकळा! ४८ विधानं, इंग्रजीतली, चार मिनिटांत. माझ्या गटातली एक म्हणाली, अगं वाचलं असतं तर ट्रेन गेली असती.

आणि उत्तरं? चार, चार, पाच, चार, चार. एका मुलीने वरपासून खालपर्यंत चारच. प्रयोगशाळा चार, ग्रंथालय चार, कॅन्टीनबद्दल विधानच नाहीये नाहीतर तेही चार.

त्याच मुली अर्ध्या तासाने ठाणे गाडीत. तुर्भ्यापर्यंत दम खाल्ला आणि मग सुरू. सहा दिवस झाले, बीपी आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वास) सोडून कशाला हात लावलेला नाही. ड्रग बुक, म्हणजे औषधांची वही, परत लिहायला लावलं कारण मार्जिन पेन्सिलीने मारलं होतं. लॉगबुकावर सही घ्यायला सीआय मॅडमना (वॉर्डात शिकवणाऱ्या, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर) तीन मजले शोधलं, त्या कॉलेजला मीटिंगला गेलेल्या. एक जण म्हणाली, मला अजून एकटीने रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालता येत नाही आणि पुढच्या सेमिस्टरला इंटर्नशिप, माझ्या पोटात गोळा येतो. (हिचा फॉर्म मी नंतर पाहिला, कारण रोल नंबर. वॉर्डातल्या शिकवण्याला पाच. मी असं बघायला नको होतं हे मला माहीत आहे.)

दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? पायलटच्या, म्हणजे आधीच्या चाचणीच्या वेळी मीही फॉर्म भरला होता. ‘गरज असेल तेव्हा शिक्षक वॉर्डात उपलब्ध असतात’ अशा अर्थाचं एक विधान आहे. मी चार दिले. का दिले, तर बोट तिकडेच गेलं. इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात आहेत हे मनात आलं असंही नाही, तेवढाही विचार केला नाही.

गाइड मॅडम खूश आहेत. ‘रिझल्ट छान आलाय, आता टेबलं करा.’ त्या वाईट नाहीत हो, उलट आमच्याकडे सगळ्यात जास्त त्याच शिकवतात. पण हे मी बांधणी करून, सोनेरी अक्षरांचं कव्हर घालून जमा करू का? परत विचारता येईल का? आणि कसं विचारलं तर खरं सांगतील?

अवांतर: इन्फर्मेशन बुकलेट कोणाला द्यायचं हेही कळत नाहीये. समाधानी लोकांना माहितीपुस्तिका?

आकडेमोड_काका

नर्सिंगमधलं मला काही कळत नाही, पण सर्वेक्षणांत उभी हयात गेली. तुमचा मजकूर वाचून हसलो आणि मग हसू थांबलं.

पहिली गोष्ट, रोल नंबर. तो विचारलात तिथेच डाव संपला. नुसता तो काढूनही भागणार नाही. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं चालू असेल तर ते बंद करा. ‘एकदाच उत्तर’ हा पर्याय लावलात तर साइन इन मागतो. तुमच्याकडे पत्ता आला नाही तरी भरणाऱ्याला वाटतं की आला, आणि त्याला काय वाटतं तेच इथे महत्त्वाचं. दुसरं, सुरुवातीची माहिती. वर्ष, लिंग, हॉस्टेल की घर, दहावी कुठल्या माध्यमातून, असं सगळं विचारलंय का? वर्गात मुलगे किती? पाचेक असतील. त्यातला हॉस्टेलवर राहणारा, मराठी माध्यमातला मुलगा म्हणजे कोण, हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. नाव न विचारता नाव विचारल्यासारखंच झालं ते.

तिसरं म्हणजे क्रोनबॅक अल्फा, विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, काढाल तेव्हा तो झकास येईल आणि कोणीतरी तुमची पाठ थोपटेल. सरसकट चार मारणारी आणि सरसकट तीन मारणारी अशा मुली शेजारी ठेवल्या की विधानं एकमेकांशी छान जुळणारच. त्याने उत्तर खरं ठरत नाही.

आलेला डेटा फेकू नका. तो कसा गोळा झाला ते जसंच्या तसं लिहा: मॅडम दारात, रोल नंबर, चार मिनिटं. ‘मर्यादा’ या प्रकरणात सगळे नमुना लहान असल्याचं एक वाक्य टाकतात. तुमच्याकडे लिहिण्यासारखं खरोखर काही आहे.

कोपरखैरणे_पालक

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही फी भरतो, वर बस, युनिफॉर्म, पुस्तकं. मुलीला पास झाल्यावर नोकरी मिळणार आहे, ती कुठल्या बी.ए., बी.कॉम.ला मिळते? समाधान वगैरे कसलं विचारत बसलात. आमच्या वेळी मास्तर छडीने विचारायचे समाधान झालं का.

नौपाड्याची_सिस्टर

कोपरखैरणे, मुलीला एकदा विचारा, वॉर्डात डबा कुठे बसून खातेस म्हणून. मग बोलू.

ऐरोलीच्या पोरी, तुझा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागेना. मी १९८३ ची जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका. तेव्हा साडेतीन वर्षांचा कोर्स, डोक्यावर टोपी, हॉस्टेलला रात्री हजेरी. रात्रपाळीला वॉर्ड आम्ही विद्यार्थिनीच ओढायचो, स्टाफ एक आणि आम्ही दोघी. समाधानी आहात का असं कुणी विचारलं असतं तर आम्हाला वाटलं असतं, बाई आजारी आहे.

मी तुला वेगळंच सांगणार आहे. उद्या वॉर्डात गेलीस की कुठल्याही पेशंटचा टीपीआर चार्ट काढ आणि आर बघ. १८, २०, १८, १८, २०. तापाने फणफणलेला असो की पोट फुगलेला, सगळ्यांचे श्वास अठरा. का? कारण मोजत कुणी नाही. टेंपरेचरला थर्मामीटर आहे, नाडी आता यंत्रच दाखवतं, श्वास मात्र घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. अठरा पेशंट म्हणजे अठरा मिनिटं, ती आणायची कुठून? मग बोट अठरावर जातं. तुझ्या मुलींचा ‘चार’ हा तो अठरा आहे गं.

आमच्या मेट्रनबाई राउंडला यायच्या, एप्रनला घड्याळ टाचलेलं, एखाद्या कॉटशी थांबायच्या आणि स्वतः मोजायच्या. एकदा माझ्या चार्टवर २० होतं, त्यांनी मोजले ३४. म्हातारा होता, न्यूमोनिया. मला ओरडल्या नाहीत. माझा हात धरून त्याच्या मनगटावर ठेवला. म्हणाल्या, नाडी मोजून झाली तरी हात उचलायचा नाही. पेशंटला कळलं की श्वास मोजतायत की तो श्वास बदलतो. त्याला वाटू दे तू अजून नाडीच बघतेस, आणि डोळे त्याच्या छातीवर ठेव.

तू काय केलंस? छातीवर हात ठेवून मोठ्याने म्हणालीस, श्वास घ्या, मी मोजतेय. समाधान, समाधान असं विचारू नकोस. गेल्या आठवड्याचं विचार. पहिलं कॅथेटर (लघवीची नळी) घातलंस तेव्हा शेजारी कोण होतं? बॅग कुठे ठेवलीस? काय करायला सांगितलं आणि काय शिकवलं? आकडा मागू नकोस, चार ओळी माग. मराठीत लिहू दे. आणि त्या वेळी दारात कुणी उभं राहायचं नाही, तूसुद्धा नाही.

ट्यूटर_मी_पण

मी दारात उभी राहणाऱ्यांपैकी आहे. त्या कॉलेजातली नाही, पण आहे. तेव्हा दुसरी बाजूही ऐका.

दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष कागदावर आहे. माझ्याकडे वॉर्डात कधीकधी दोन बॅच असतात, वेगवेगळ्या मजल्यांवर. मी एका मुलीला कॅथेटर घालताना शेजारी उभी असते तेव्हा बाकीच्या कुठे असतात? टीपीआर लिहीत. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमापासून सेमिस्टर आली, म्हणजे आठ वेळा परीक्षा, आठ वेळा इंटर्नल, आणि प्रात्यक्षिकाला ऑस्की, म्हणजे एकेका स्टेशनवर एकेक काम करून दाखवायची परीक्षा. ऑस्की चांगलीच आहे, प्रत्येक मुलीला सारखी परीक्षा मिळते. पण ती घ्यायची म्हणजे एकेका स्टेशनला एक माणूस लागतो, तो कुठून? थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, क्लिनिकलची मात्र पदवीआधी १०० टक्के भरायची, म्हणून ज्यांची राहिली त्यांच्या मेक-अप ड्युटीला रविवारी मी जाते. मीटिंगला गेलेल्या म्हणालात ना? इन्स्पेक्शनची फाइल असणार. आमच्या सिम्युलेशन लॅबमधल्या मॅनिकिनवरचं (सरावाच्या पुतळ्यावरचं) प्लॅस्टिकसुद्धा इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी निघतं आणि नंतर मीच ते परत चढवते.

हे रडगाणं नाही. नोकरीला लागल्यापासून समाधानाचा फॉर्म मला एकदाही आलेला नाही, एवढंच. आला असता तर मीही चारच मारले असते.

कामाचं बोलते. मॅडमना बाजूला घेऊन सांगा. ‘डेटा खोटा आहे’ असं म्हणू नका, ‘एक खुला प्रश्न वाढवायचाय, कमिटीला दुरुस्ती कळवूया का’ असं म्हणा. कमिटीला न कळवता परत विचारायला जाऊ नका, मग सगळंच बाद होईल.

ब्रदर_आयसीयू

थोडं वेगळं मत. समाधान कधी विचारता यावरही आहे. तिसऱ्या वर्षी ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग होतं. १९०१ सालचं ते, मोठा जुना परिसर, झाडं. तिथे प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायचं असतं: तुम्ही काय बोललात, पेशंट काय बोलला, शब्द न् शब्द. एक काका रोज मला एकच विचारायचे, घंटाळीची बस गेली का? रोज तेच लिहायचो. तेव्हा फॉर्म दिला असता तर शून्य दिला असता, शून्याची सोय नसली तरी.

आता आयसीयूत रात्री दोनला नातेवाईक काचेबाहेरून तेच तेच विचारतात, डोळे उघडले का, डोळे उघडले का. मी उत्तर देण्याआधी थांबतो, कारण त्या काकांनी शिकवलंय की प्रश्न बसचा नसतो. तेव्हा पास होऊन दोन वर्षं झालेल्यांनाही विचारा. आम्हाला इंटर्नलची भीती नाही.

बाकी मार्जिन पेन्सिलीने मारलं म्हणून ड्रग बुक परत लिहायला लावणं याचा फायदा मला अजून सापडलेला नाही. सापडला की कळवतो.

ऐरोलीची_पोर

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे उशिरा लिहितेय, मधे सेशनल्स (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा) होत्या.

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचला आणि दुसऱ्या दिवशी आधी माझाच चार्ट काढला. १८, १८, २०, १८. मग नाडीवरचा हात न काढता एका आजींचे श्वास मोजले. २६ आले. परत मोजले, तेवढेच. इंचार्ज सिस्टरना सांगितलं, त्यांनी येऊन ऑक्सिजन बघितला आणि डॉक्टरांना फोन केला. प्रोजेक्टशी संबंध नाही, पण सांगावंसं वाटलं.

गाइड मॅडमना ट्यूटरताईंच्याच शब्दांत विचारलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तुम्हाला रोल नंबर घालायला लावला ते माझं चुकलं. मला काय बोलावं कळेना, मी आपली ‘नाही हो मॅडम’ म्हणत राहिले. कमिटीला दुरुस्ती कळवली, आठवड्याने परवानगी आली. आधीचा डेटा काकांनी सांगितलं तसा ठेवलाय, चार मिनिटांसकट.

दुसऱ्या वेळी कागदाच्या चिठ्ठ्या. कोरा कागद, वर फक्त वर्ष आणि सिस्टरांचे तीन प्रश्न, मराठी-हिंदी-इंग्रजी कशातही लिहा. खोका बिस्किटांचा, तोंडाला चीर पाडून ग्रंथालयाच्या पायरीवर आठवडाभर ठेवला. शिपाईमामांनी दोनदा कचऱ्यात टाकायला नेला.

निम्म्याच चिठ्ठ्या आल्या. पण काय आल्या! समाधानाच्या ४८ विधानांत जे कुठेच नव्हतं ते सगळ्यात जास्त वेळा आलं: बॅग. वॉर्डात बॅग ठेवायला जागा नाही, लिनेनच्या कपाटाखाली ठेवतो, एकीच्या डब्यात झुरळ निघालं. कपडे बदलायला खोली नाही. डबा जिन्यात. एकीने जिन्याचं चित्रच काढलंय, पायऱ्यांवर कोण कुठे बसतं ते. कोपरखैरणेकाका, तुमची मुलगी आमच्या कॉलेजात नसावी अशी आशा.

कौतुकही आलं, आणि ते ‘पाच’ या आकड्यात मावणारं नव्हतं. एका मॅडमबद्दल तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत जवळपास तेच आहे: पहिल्या कॅथेटरच्या वेळी त्या बोलल्या नाहीत, फक्त मागून कोपर धरून ठेवलं, हात थरथरायचा थांबला. त्या आमच्या गाइड मॅडम. चिठ्ठ्या आम्ही सहा जणींनीच वाचायच्या असं ठरलंय, तेव्हा अहवाल छापून होईपर्यंत त्यांना हे कळणार नाही. मला रोज सांगावंसं वाटतं.

मराठी माध्यमातून आलेल्या एकाने लिहिलंय, अ‍ॅनाटॉमी दोनदा वाचतो, एकदा शब्द कळायला आणि एकदा अर्थ कळायला, पण पेशंट माझ्याशीच बोलतात. त्याचं ‘वर्ष’ मी अहवालात लिहिणार नाही, आकडेमोडकाका. तुमचं मुलग्यांबद्दलचं बरोबर होतं, वाचताक्षणी कोण ते कळलं.

शेवटची चिठ्ठी मात्र मी गटाला वाचून दाखवली आणि मग कोणी काही बोललं नाही. पहिल्या वर्षाची. हिरव्या पेनने लिहिलेली. ‘काय करायला सांगितलं आणि काय शिकवलं’ याच्या खाली: ‘सिनियर दीदी आम्हाला ट्रॉली पुसायला लावतात आणि सगळ्यांचा टीपीआर लिहायला सांगतात. श्वास कसे मोजायचे विचारलं तर म्हणाल्या, अठरा लिही.’

पहिल्या वर्षाची पोरं या सेमिस्टरला फिमेल मेडिकललाच आहेत, म्हणजे आमच्याच बायकांच्या वॉर्डात. तिथे सिनियर आम्ही दोघीच होतो, आणि दुसरी त्या आठवड्यात सुट्टीवर होती.